दोघांत एक पॉलिसी

बत्तीस वर्षं मी तलाठी होतो. आता त्या पदाला सरकारनं वेगळं लांबलचक नाव दिलं आहे, पण आमच्या अमरावतीकडे लोक अजून तलाठीच म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं. चांदूर रेल्वे, वलगाव, मधे आणखी चार-पाच गावं, असा फिरलो. या नोकरीत माणूस जमिनीबद्दल जेवढं शिकतो त्याच्या दुप्पट घराघरांबद्दल शिकतो. बापाच्या तेरवीचं जेवण आटोपून, हातही नीट न पुसता माझ्याकडे वाटणीची चौकशी करायला आलेले भाऊ मी पाहिले आहेत. वीतभर बांधासाठी एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला न गेलेले पाहिले आहेत. त्यामुळे वाटणी या शब्दाचाच मला तिटकारा आला. ज्या घरात वाटणी शिरली त्या घरातली माया गेली, असं माझं ठाम मत झालं, आणि मी ते येता-जाता लोकांना ऐकवत असे. मत काही खोटं नव्हतं. ते मी नको तिथं वापरलं, एवढंच.

निवृत्त झालो तेव्हा औषधपाण्याची बिलं सरकारकडून परत मिळण्याची सोय संपली. हैदराबादला असलेल्या मुलीनं फोनवर आठवडाभर भुणभुण लावली, बाबा, आरोग्याची पॉलिसी घ्या. शेवटी मागच्या गल्लीतल्या एका सुनेला बोलावलं. ती शाळेत शिकवता शिकवता विम्याचं काम करायची. मार्चमधली दुपार होती. ती फाइल उघडून बसली, बायकोनं चहा आणला, आणि त्या पोरीनं एका दमात सगळं समजावून सांगितलं. आज मला कबूल करावं लागतं की तिनं काहीही लपवलं नव्हतं.

"काका, दोन रस्ते हायेत," ती म्हणाली. "एक, तुमची दोघांची मिळून एकच पॉलिसी. रक्कम दोघांत सामायिक. त्याले हप्ता कमी बसते. पण एका वर्षात एकानंच सगळी रक्कम वापरली तं दुसऱ्यासाठी त्या वर्षी काई उरत नाई. दुसरा रस्ता, तुमची वेगळी, काकूंची वेगळी. थोडं महाग पडते, पण ज्याचं त्याच्यापाशी राह्यते."

सामायिक हा शब्द ऐकला आणि मी खूश झालो. माझ्या कामातला शब्द. सामायिक खातं म्हणजे सगळ्यांची नावं एका उताऱ्यावर, कुणाचा हिस्सा वेगळा काढलेला नाही, अजून घर एक आहे.

"नवरा-बायकोत वाटणी कायले करता बाप्पा," मी म्हणालो. "लोकायच्या वाटण्या लिहून लिहून बोटं झिजली माही. माह्या घरात तरी नको."

ती हसली, पण तिनं एकदा पुन्हा सांगून पाहिलं. एकत्र पॉलिसीत हप्ता दोघांपैकी मोठ्याच्या वयावर ठरतो, म्हणजे काकू चार वर्षांनी लहान असूनही त्यांचाही भाव माझ्याच वयाचा लागणार. यावर मी उलट विनोद केला. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख एक जुलै लिहून टाकली होती आणि कागदावर मी खऱ्यापेक्षा दोन वर्षांनी म्हातारा आहे. म्हटलं, गुरुजींच्या अंदाजापायी दोन वर्षं आधी घरी बसलो, आता हप्ताही त्याच अंदाजानं भरतो. पोरगी हसली, बायकोही हसली. मग पोरीनं तिच्याकडे वळून विचारलं, "काकू, तुमचं काय म्हणणं हाय?"

"मले काय समजते त्यातलं," बायको म्हणाली. "हे सांगतीन तसं."

मला ते उत्तर त्या दिवशी फार आवडलं होतं.

पुढची सहा वर्षं मी दर मार्चमध्ये हप्ता भरला आणि पावती जपून ठेवली. साठी उलटल्यावर त्या हप्त्यावर करात जास्त सूट मिळते, आधीपासून असलेल्या आजारांना सुरुवातीची काही वर्षं थांबावं लागतं, सत्तरी गाठली की सरकारी कार्ड निघतं, हे सगळं मला तोंडपाठ झालं. सकाळी फिरायला येणारे आम्ही चार-सहा पेन्शनर मैदानाच्या कडेला बसतो. तिथं पॉलिसीबद्दल कुणी काही विचारलं की बाकीचे माझ्याकडे बोट दाखवायचे. नोकरी गेली तरी माझ्याकडे विचारायला माणसं येतात याचं मला सुख होतं. निवृत्त माणसाला अशा गोष्टींची फार भूक असते.

सहाव्या वर्षी, पोळा चार दिवसांवर आला असताना, माझ्या छातीत दुखलं. तीन नळ्या बंद निघाल्या. अमरावतीतच बायपास झाली, मधे जंतुसंसर्ग होऊन मुक्काम वाढला, आणि पॉलिसीची त्या वर्षाची रक्कम पूर्ण संपून वर घरातले थोडे घालावे लागले. संपलेली रक्कम त्याच वर्षात पुन्हा भरून मिळेल अशाही योजना असतात, पण त्या महाग, म्हणून मी घेतली नव्हती. तरी मी वाचलो होतो आणि मोठा खर्च विम्यानं उचलला होता. दवाखान्याच्या खाटेवरून मी बायकोला दोनदा ऐकवलं की बघ, माझं गणित कसं बरोबर आलं.

तिनं माझी सेवा कशी केली ते मी लिहीत बसणार नाही, कारण मला ते धड लिहिता येणार नाही. छातीच्या टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून सव्वा महिना तिनं मला उठता-बसता हात टेकू दिला नाही. मला फोडणीचा वास सहन होत नव्हता म्हणून ती आपली भाजी मागच्या अंगणात शेगडीवर करायची. एकदा मी चिडून ताट सरकवलं, तर तिनं ते उचललं आणि अर्ध्या तासानं तेच गरम करून आणलं. मी तापट माणूस आहे आणि आजारी पडल्यावर आणखी तापट झालो होतो.

दिवाळीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी ती समोर बसून वाती वळत होती. वर न बघता तिनं विचारलं, "ते पॉलिसीचं वर्ष कवा बदलते हो?"

मला केवढा आनंद झाला. अडतीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला कागदपत्रांबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता. मी उठून कपाटातून पॉलिसी काढली, चष्मा लावला, आणि एखाद्या नव्या कोतवालाला समजवावं तसं तिला समजावलं. रक्कम वर्षाला एकदाच मिळते. या वर्षाची मी वापरली, ती संपली. मार्चच्या अखेरीस हप्ता भरला की नवं वर्ष सुरू, आणि नव्या वर्षाची पूर्ण रक्कम पुन्हा उभी राहते.

"दोघासाठी?"

"दोघासाठी."

"अन् तोवर?"

"तोवर शून्य," मी म्हणालो. "पण आता कायले लागते? मी तं झालो दुरुस्त."

तिनं मान हलवली. वाती डब्यात भरल्या आणि वाळलेले कपडे काढायला गेली. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर सांगितलं की आता आमच्या घरातूनही विचारणा होऊ लागली आहे.

त्यानंतरचे पाच महिने मी त्याच घरात राहिलो, तिच्याच हातचं जेवलो. काय दिसत होतं ते आज एकेक आठवतं. धुण्याचं यंत्र घरात असताना ती स्वतःचे कपडे पहाटे हातानं धुवायची. म्हणायची, यंत्रात मळ निघत नाही. दिवाळीनंतर ती दरवर्षी हिवरखेडला माहेरी जाते, ती गेली नाही. म्हणाली, तुमच्या पथ्याचं कोण बघणार. फिक्या रंगाच्या साड्या पेटीत गेल्या. दुपारी कधी न झोपणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडू लागली. संक्रांतीपर्यंत तिच्या ब्लाउजच्या बाह्या ढिल्या पडल्या होत्या, आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, बरं झालं, वजन उतरलं, आता गुडघ्यांना आराम पडेल. शेताच्या हद्दीतला हातभर फरक नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस मी. घरात माझं लक्ष माझ्या छातीवरच्या टाक्यांकडे होतं.

मार्च संपायच्या तीन दिवस आधी मी हप्ता भरला.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं."

"पक्कं?"

"हे पाह्य, मोबाइलवर आलं हाय."

तिनं मोबाइल हातात घेतला. तिला त्यातलं फारसं वाचता येत नव्हतं, पण तिनं तो थोडा वेळ धरून ठेवला. पॉलिसीचं नवं वर्ष लागलं त्या सकाळी तिनं मला गोळ्या दिल्या, पाणी दिलं, मी गोळ्या गिळेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मले डॉक्टरले दाखवा लागते."

"काहून वं? काय झालं?"

"पाळी जाऊन बारा वर्षं झाली. अन् आता रक्त जाऊन राहिलं."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

मी ओरडलो. शेजारच्यांना ऐकू जाईल इतका ओरडलो. डोकं फिरलं का तुझं, पाच महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस, मी काय मेलो होतो का, असं बरंच काही. ती माझा आवाज खाली यायची वाट बघत होती, सवयीनं.

"तुमीच तं सांगतलं," ती म्हणाली. "मार्चपर्यंत शून्य हाय म्हणून."

मी खुर्चीत बसलो.

मग तिनंच सावकाश सांगितलं. तुमचं ऑपरेशन ताजं होतं. मधे पुन्हा काही झालं असतं तर? होते नव्हते ते पैसे तुमच्या दवाखान्यात गेले होते. पोरीपाशी हात पसरायचा नव्हता. मी म्हटलं, मार्च काही लांब नाही, थांबू. एवढं सरळ होतं तिच्या लेखी. घरात जेवायला पाहुणा आला आणि भाजी कमी पडली की आपण आपलं ताक-भाकरीवर भागवायचं, तसं.

तिला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. पहिल्या तपासण्यांना पॉलिसी लागतच नाही. सरकारी दवाखान्यात त्या जवळजवळ फुकट होतात. माझ्या नावावर एक मुदत ठेव होती, ती मोडता आली असती. यातलं एक अक्षर मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी तिला नियम शिकवला आणि नियम बिलाचा असतो, दुखण्याचा नसतो, हे सांगायचं राहिलं.

अकोल्याला तिची धाकटी बहीण असते. तिनं फोनवरच एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंची वेळ घेतली आणि म्हणाली, आजच निघा. आम्ही दुपारच्या उन्हात निघालो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी चहा आणला. तिनं अर्धा पिऊन कप माझ्यापुढे धरला, "घ्या, तुमाले कमी दिला त्यानं." मी कप घेतला नाही. तिला वाटलं मी अजून रागावलेलो आहे. मी रागावलेलो होतोच, पण तिच्यावर नव्हे.

तुकडा काढून तपासला. गर्भाशयाचा कर्करोग निघाला. दहा दिवसांत ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. त्या आमच्या मुलीच्याच वयाच्या असतील. त्यांनी सांगितलं की गाठ भिंतीत खोलवर गेली होती. ती पूर्ण काढली आहे, पण पाच आठवडे किरणं द्यावी लागतील आणि पुढची काही वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. "दिवाळीतच आला असतात तर कदाचित ऑपरेशनवरच भागलं असतं," त्या म्हणाल्या. "एवढा उशीर का केला?"

मी तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली. "घरी ह्यायचं मोठं ऑपरेशन झालं होतं नं, त्या गडबडीत राहून गेलं."

तिनं मला वाचवलं. परक्या डॉक्टरसमोर, पोटावर ताजे टाके असताना, तिनं माझी लाज राखली. मी आयुष्यात इतका खजील कधी झालो नव्हतो.

साळीनं, बायकोच्या या बहिणीनं, मात्र ती राखली नाही. संध्याकाळी तिच्या घरी कूलरसमोर बसलो असताना तिनं मला सरळ विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं, वाटणी नको म्हणालो होतो तिथपासून. तिनं ऐकून घेतलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "बत्तीस वर्षं लोकायच्या घरचे हिस्से लिहिले तुमी. सामायिक खात्यात कोणाचा हिस्सा बुडते, हे तुमाले कोणी सांगाव?"

मला ते माहीत होतं. सामायिक उताऱ्यावर चार नावं असतात आणि पिकाचा पैसा जो पुढं असतो त्याच्या हातात जातो. मागं उभं असलेलं माणूस बहुतेक वेळा बाई असते, आणि ती कधी कचेरीत येऊन तक्रार करत नाही. म्हणूनच मला वाटत आलं होतं की त्या घरात माया आहे.

मे महिना आम्ही अकोल्यात काढला. अकोल्याचा मे काय असतो ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. साळी नोकरीवर जायची, मी सकाळी बायकोला किरणांसाठी न्यायचो आणि आल्यावर मुगाची खिचडी टाकायचो. पहिल्या आठवड्यात खिचडी खाली लागायची, दुसऱ्या आठवड्यापासून बरी जमू लागली. तिला थकवा इतका यायचा की घास हातात धरून ती डोळे मिटून घ्यायची. एकदा मी तिला आधी वाढलं आणि शेजारी बसलो, तर म्हणाली, "तुमी जेवा नं पयले. मले असं गोड नाई लागत." मी म्हणालो, लागो न लागो, आधी तू. ती जेवली, पण जेवताना तीनदा उठून माझ्यासाठी पातेल्यात किती उरलं आहे ते बघून आली.

तिची तब्येत हळूहळू सुधारली. दोन तपासण्या चांगल्या आल्या. पण त्या वर्षाची पॉलिसीची रक्कम तिच्या उपचारात संपली होती आणि आता मी भीत होतो. माझ्यासाठी नव्हे. मला काही झालं, किंवा पुढच्या वर्षी मी आधी आजारी पडलो आणि रक्कम खाऊन बसलो, की ही बाई पुन्हा गप्प बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिची पुढची तपासणी, तिचं पुढचं दुखणं, सगळं माझ्या मागं रांगेत उभं राहणार. सत्तरीच्या सरकारी कार्डाला तिला अजून नऊ वर्षं होती.

फेब्रुवारीत मी स्वतः मागच्या गल्लीत गेलो. त्या सुनेच्या दारात उभं राहून म्हणालो, "वाटणी करून दे वं पोरी."

तिनं हसण्यावारी नेलं नाही. सगळं समजावून सांगितलं. या आजारानंतर काकूंना नवी पॉलिसी कुणी देणार नाही. पण त्याच कंपनीत एकत्र पॉलिसीतून बाहेर काढून त्यांची स्वतंत्र पॉलिसी करता येते, आणि तसं झालं तर मागची वर्षं धरली जातात, आजार नव्यानं मोजत नाहीत. मुदत संपायच्या दीड महिना तरी आधी अर्ज करायचा. कंपनी हो म्हणेल की नाही हे तिला सांगता येत नव्हतं. हप्ते मिळून बरेच वाढणार होते. मी म्हणालो, वाढू दे, ठेव मोडतो.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. यावेळी बायको चहा ठेवून आत गेली नाही, मीच तिला बसवून घेतलं. स्वतंत्र पॉलिसी म्हणजे अर्जदार ती, सही तिची. पोरीनं फुली मारलेल्या जागेवर बोट ठेवलं, पेन दिलं. बायकोनं पेन हातात घेतलं आणि विचारलं, "हे मंग माह्या एकटीचं?"

"हो काकू. पूर्ण तुमचं."

"अन् यायले लागलं तं?" तिनं माझ्याकडे मान केली.

"काकांची त्यायची वेगळी राहीन."

"ते समजलं. त्यायची पुरली नाई तं यातलं देता येते का?"

"नाई काकू. यातलं कोणालेच देता येत नाई."

तिनं पेन टोपण लावून खाली ठेवलं. "मंग मले नको."

पोरगी माझ्याकडे बघू लागली. मी बायकोकडे बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्टही नव्हता. "जे तुमाले देता येत नाई ते घेऊन मी काय करू," ती म्हणाली. "रक्कम माह्याजवळ पडून राहीन अन् तुमी खाटेवर. मले घास उतरन का?"

तेव्हा मला तिची एक जुनी सही आठवली. सासरे गेल्यावर तिनं आणि साळीनं, दोघी बहिणींनी, भावासाठी जमिनीवरचा हक्क सोडला होता. आमच्याकडे बहुतेक घरांत बहिणी तेच करतात, माहेर टिकावं म्हणून. असे हक्कसोडीचे शेकडो फेरफार मी माझ्या हातानं नोंदवले आहेत. हिवरखेडहून परत येताना मी तिला म्हणालो होतो, चांगलं केलंस, आणि तिला त्याचा अभिमान वाटला होता. मुलीच्या लग्नासाठी प्लॉट विकला तेव्हाही कागदावर तिचं नाव होतं, तिनं सही केली होती. मी मोजून पाहिलं. या बाईनं आजवर जिथं जिथं सही केली तिथं तिच्या हातून काहीतरी गेलं होतं. घेण्यासाठी सही करायची असते हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि दाखवायला हवं होतं ते मीच.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. परक्या सुनेसमोर असा कधी बसलो नव्हतो.

"ऐक," मी म्हणालो. "घरातलं सगळं मले दे. भाकरी दे, दूध दे, तुहा अर्धा चहा बी घेतो मी. पण हे मले देता येत नाई म्हणूनच मले तुह्या नावावर पाह्यजे. तू पाच महिने थांबली नं, तवापासून मले झोप नाई. मी मेलो तरी चालते, पण तू माह्यापायी थांबू नको. मले सहन होत नाई ते."

पोरगी उठून पाणी प्यायला आत गेली, शहाणी आहे.

बायको मग म्हणाली, "मरायच्या गोष्टी कायले करता, आताच तं दुरुस्त झाले." आणि पेन उचललं. तिची सही सावकाश होते, एकेक अक्षर स्वतंत्र. ती होईपर्यंत मी कागदाचा कोपरा धरून बसलो होतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. हप्ता वाढवून, पण मान्य. पॉलिसीचा कागद आला तेव्हा तिनं तो माझ्या फाइलमध्ये लावू दिला नाही. आपल्या पेटीत, साड्यांच्या खाली ठेवला.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी पेपर वाचत होतो. ती पदर खोचून, पिशवी घेऊन समोर उभी राहिली.

"गुडघा दाखवून येते. लय दिवसापासून दुखून राहिला."

"थांब, चप्पल घालतो."

"तुमी कायले येता. रिक्षानं जाते, बारा वाजेपर्यंत येते." दारापर्यंत जाऊन ती वळली. "हे त्या पॉलिसीत बसते का?"

मी खरं ते सांगितलं. "नाई बसत. भरती झालं तंच बसते."

तिनं पिशवी खांद्याला अडकवली.

"नसू द्या," ती म्हणाली. "दुखते तं जातेच मी." आणि तिनं मागं फाटक लावून घेतलं.